राहीच्या नावाची ओवी

शाळेच्या पायरीवर तानीबाई बसली होती, आणि तिचा डोळा दोघांवरही होता. आत खुर्चीत आण्णाप्पा मास्तर, बाहेर कडुनिंबाखाली साप्ताहिकवाला परशराम. दोघांतला एक खोटा आहे, एवढं तिला कळत होतं. कुठला, ते कळत नव्हतं.

तिची राही सातवीत पहिली आली, तरी बेळगावच्या बोर्डिंगात तिला जागा नाकारली गेली. तीच जागा तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या पुतणीला मिळाली. परशरामला यात काळंबेरं दिसलं. तो मास्तरांकडे राहीचे कागद मागायला गेला. मास्तरांनी कपाट उघडलंच नाही.

"मास्तर व्यापाऱ्याला मिंधा हाय, आक्का," परशराम तिला म्हणाला होता. "न्हायतर लपवायचं काय कारण? तू आई हाईस, तू माग. मी छापतो."

तानीबाईला भलताच घोर होता. दोन वर्षांमागं राहीला शाळेत आकडी आली होती. दातखीळ बसलेली पोर मास्तरांनीच उचलून घरी आणली. "हे माझ्या तोंडून कुठं जाणार न्हाय, तानाक्का," असं ते तेव्हा म्हणाले होते. मिरजेच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी आकडी थांबली. पण आकडीवाली म्हणून एकदा नाव निघालं, की उद्या सोयरीक कोण करणार? मास्तरांनी तेच बोर्डिंगला लिहिलं असेल, तर? आणि परशरामनं ते निपाणीभर छापलं, तर?

"आत या, आक्का," मास्तर म्हणाले. परशरामही उठला, तसा त्यांनी हात आडवा केला. "तू न्हाय."

"शाळा सरकारी पैशावर चालती, मास्तर!"

"इमारतीचा हिशेब माग, ग्रँटचा माग, माझा पगार माग. आत्ता दावतो. पोरांची पानं त्यांच्या आईबापाला."

"बघितलंस का, आक्का?" परशराम कुत्सित हसला.

तानीबाईनं बघितलं. दार लोटलेलं बघून तिचा संशय आणखीच वाढला.

मास्तरांनी आपण पाठवलेल्या पत्राची प्रत वाचून दाखवली. मार्क, हजेरी, वर्तणूक उत्तम. आकडीचं अक्षर नाही. मग बोर्डिंगचं उत्तर वाचलं: मुलीस झटके येतात असे समजते, सबब जागा देता येत नाही.

"समजते?" तानीबाई ताडकन उठली. "कुणाकडनं? तुमी आनि मी सोडून गावात तिसऱ्याला ठावं न्हाय, मास्तर!"

"मी बोललो न्हाय, आक्का."

"मग भिंती बोलल्या व्हय?"

मास्तरांनी पत्रं परत कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिला ते कुलूपही कबुलीसारखं वाटलं.

ती तणतणत गल्लीत आली. दाराबाहेरून सगळं ऐकलेला परशराम मागंच होता. कट्ट्यावर बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत होत्या. पानाला कात्री लागत होती, चिमूटभर जर्दा पडत होता, दोरा गुंडाळला जात होता, आणि त्याच ठेक्यावर ओव्या चालल्या होत्या. या कट्ट्याची रीतच होती: पाळीपाळीनं प्रत्येकीनं ओवी घालायची, आणि लेकराचं नाव आल्याशिवाय ओवी पुरी धरायची नाही. पाळी जयाबाईची होती. तिला पोरबाळ नव्हतं, म्हणून ती दुसऱ्यांच्या ओव्या म्हणायची.

तेंदूच्या पानावानी, अंग कसं थरथरीतं
आई, सोड माझी राही, किती धरशील मुठीतं

तानीबाई कट्ट्याशी थांबली. "ही कुणाची गं, जया?"

"अगं, तुझीच की! पोरीसाठी देवीला घातलीवतीस, इसरलीस? लई ग्वाड हाय. आपली राजाक्का बोर्डिंगात सैपाकाला हाय न्हवं, ती तिथं भाकरी थापताना म्हणती. रेक्टरबाई म्हनं दारात उभी राहून ऐकती. ही राही कोण, असं सुदीक इचारलं तिनं."

"आनि राजाक्कानं सांगितलं?"

"न सांगायला काय झालं? आपल्या गल्लीच्या पोरीचं नाव बेळगावात गाजतंय!"

तानीबाई कट्ट्यावर बसली. भिंती बोलल्या नव्हत्या. मास्तर बोलले नव्हते. आकडी जावी म्हणून देवीला घातलेली ओवी तिच्याच गळ्यातनं निघून तिच्या लेकीच्या आधी बेळगावला पोचली होती.

परशरामनं वही काढली. "ओवी ऐकून जागा नाकारली! आक्का, हे छापलं तर बोर्डिंगवाल्यांची झोप उडंल."

"राहीचं नाव घालणार?"

"नावाबिगर कोण खरं मानंल?"

"आनि आकडी?" तिनं आवाज उतरवून विचारलं.

त्यानं पहिली ओळ लिहायला घेतलीच होती.

"बोर्डिंग सरकारी पैशावर चालतं न्हवं?" ती म्हणाली. "मग त्यास्नी इचार, जागा किती मार्कांवर दिली, कुणाच्या सांगण्यावरनं दिली. मिरजेच्या डॉक्टरचा कागद मी स्वता रेक्टरबाईच्या म्होरं धरीन. पर माझी पोर सरकारी न्हाय रं, दादा."

परशरामनं लिहिलेली ओळ खोडली. घट्ट, दोनदा. "बोर्डिंगची ग्रँट कुठल्या कचेरीतनं येती, ते मास्तरांना ठावं असंल?"

"जाऊन इचार. मघाशी हसलास, आता जरा मवाळपणानं इचार."

तो गेला. बायकांनी तानीबाईपुढं सूप सरकवलं. पाळी तिची होती. राही उंबऱ्यात बसून पानं कातरत होती. तानीबाईनं गळा साफ केला.

बेळगावच्या वाटंला, कोवळं गं ऊन पडं

पुढं नावाची जागा होती. तिथं ती थांबली. नुसती कात्रीच वाजत राहिली. मग नाव गाळून तिनं उरलेली ओळ म्हटली.

माझ्या गं बाळीच्या म्होरं, दार होऊ दे उघडं

"पुरी न्हाय झाली!" जयाबाई ओरडली. "नाव कुठाय?"

राहीनं मान वर केली. "माझं नाव का गाळलंस, आई?"

"ते तुझं हाय म्हणून," तानीबाई म्हणाली. "तू तिथं पोचलीस, की तूच सांग."