फोटोपुरता तुकडा

जोझेटने टेबलपंखा उचलून ओट्यावर ठेवला आणि त्याचं तोंड माशाकडे वळवलं. मासा म्हणजे फिगोल्ला, माल्टाच्या लोकांचा ईस्टरचा माशाच्या आकाराचा केक. दोन खुसखुशीत थरांच्या मध्ये बदामाचं सारण, वर साखरेचा पांढरा लेप आणि लेपावर शेपटीपर्यंत काढलेले निळे खवले. ऑस्ट्रेलियातल्या मकायच्या दमट हवेत तो लेप सकाळपासून सुकायचं नाव घेत नव्हता. एरवी तिने हवेला दोन शिव्या हासडल्या असत्या. आज तेवढंही सुचत नव्हतं, कारण मुलगी टेसा शाळेतून यायच्या आत फोटो काढून, बशा धुऊन, टेबल पुसून मोकळं व्हायचं होतं.

"फोटो काढतेयस की चोरी करतेयस?" नान्नाने विचारलं. नान्ना म्हणजे जोझेटची सासू. टेबलाशी बसून ती उरलेले बदाम एकेक करून तोंडात टाकत होती. "घड्याळाकडे बघून बघून मान मोडेल तुझी."

"तुम्ही बदाम संपवू नका, नान्ना."

"लेंटच्या उपासात मी गोड सोडलंय. बदाम कोणी सोडलेत?"

जोझेटचा पाककृतींचा ब्लॉग तीन वर्षं बंद होता. ऊसपट्ट्यात वाढलेल्या, लग्न होऊन ब्रिस्बेनला नाहीतर पर्थला गेलेल्या, आजीकडून कृती विचारून न घेतलेल्या मुली तो वाचायच्या. ईस्टर जवळ आला की त्यांतली कोणी ना कोणी अजूनही लिहायची, "जोझेट, आहेस ना?" गेल्या आठवड्यात तिने उत्तर देऊन टाकलं. "आहे. या ईस्टरला फिगोल्ला." लिहिताना छान वाटलं होतं. पाठवल्याबरोबर ते पुसून टाकावंसं वाटलं होतं.

टेसा चौदाची असताना तिने लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, गोड सोडलं. मग पाव सोडला. पोरगी किती श्रद्धाळू आहे हे नान्नाने चर्चमध्ये भेटेल त्याला सांगितलं, आणि जोझेटलाही अभिमान वाटला. ईस्टरच्या रविवारी सगळ्यांनी उपास सोडला, टेसाने सोडला नाही. हिवाळा सुरू झाला तेव्हा ती इस्पितळात होती.

त्यानंतर ब्लॉग बंद झाला. साचे गॅरेजमधल्या फळीवर गेले. घरात खाण्याविषयी बोलणं जवळपास थांबलं. टेसाच्या प्रत्येक जेवणाला जोझेट समोर बसायची, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. गेलं वर्षभर टेसा जेवत होती, व्यवस्थित जेवत होती. डॉक्टरसुद्धा आता फार बोलावत नसत. तरी प्रत्येक जेवणाला आईचा जीव टांगणीला लागायचा, आणि घरात असा साखरेचा मासा मांडला म्हणजे आपण पुन्हा तेच दार उघडतोय असं तिला वाटत होतं.

तिने फोन तिवईवर बसवला आणि सुरी घेतली.

"आत्ता कापतेस?" नान्ना सरसावून बसली. "अजून गुड फ्रायडे व्हायचाय!"

"वाचणाऱ्यांना रविवारच्या आत करायचा असतो ना. आतलं सारण दिसलं नाही तर कळणार कसं?"

"पूर्वीही हेच करायचीस. कापलेला तुकडा मग खाणार कोण? मांजर?"

"फोटोपुरता कापायचा. नंतर झाकून ठेवू."

सुरी शेपटीतून खाली गेली. लेप तिला चिकटून थोडा ओढला गेला, पण सारण सुरेख दिसत होतं, ओलसर आणि सोनेरी. जोझेटला क्षणभर खरोखर आनंद झाला. तेवढ्यात मागचं जाळीचं दार वाजलं.

"शेवटचा तास नव्हता," टेसा म्हणाली आणि दारातच थांबली.

जोझेट सुरी हातात घेऊन टेबलाच्या आडवी उभी राहिली. एवढा मोठा मासा तिच्या पाठीमागे थोडाच लपणार होता!

"नान्नांनी हट्ट धरला," ती म्हणाली. "म्हणाल्या, यंदा कर एखादा."

"मी?" नान्नाने डोळे मोठे केले. "अगं, खोटं तरी धड बोल!"

"मा, तू ब्लॉगवर लिहिलंयस," टेसा म्हणाली. "मी वाचलं."

शांतता नान्नाला कधीच सोसत नसे. तिने नातीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कौतुकाने म्हणाली, "बघ तरी, कशी छान भरलीस आता! गालसुद्धा वर आलेत."

अंगाविषयी एक शब्द नको, चांगला नको, वाईट नको, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती टेसाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. टेसाने दप्तर सावकाश खाली ठेवलं.

"नान्ना, असं नको म्हणू."

"वाईट काय म्हटलं मी?"

"वाईट नाही गं. पण नको म्हणू."

"बरं बाई," नान्ना म्हणाली. तिने बदामाची वाटी दूर सारली आणि खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत बसली.

"मी आवरते हे सगळं," जोझेट घाईघाईने म्हणाली. "करायलाच नको होतं. ब्लॉगवरचं पण काढून टाकते. फेट्टाच्या बेकरीतून आणू रविवारी, जो काय आणायचा तो." तिने माशाखाली हात घातला.

"ठेव."

"टेस, मला अजिबात..."

"ठेव ना, मा."

टेसाने तिवईपाशी जाऊन फोनमध्ये वाकून बघितलं. "मेल्यासारखा दिसतोय."

"मासा?"

"फोटो. दुकानातल्या खोक्यावर असतो तसला. तुझ्या फोटोत कोणीतरी खात असायचं. बाबाचा हात असायचा, नाहीतर माझा."

तिने कपाटातून बशी काढली, कापलेला तुकडा तिच्यावर घेतला आणि काटा घेऊन खुर्चीत बसली. नान्नाने तोंड उघडलं. रविवारच्या आत फिगोल्ला खाल्लेला तिने उभ्या जन्मात बघितला नव्हता. जोझेटने तिच्याकडे असं बघितलं की उघडलेलं तोंड तिने मुकाट्याने मिटलं.

टेसाने काट्याने एक तुकडा मोडला. जोझेटची नजर आपोआप काट्यावर गेली. काटा उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"बघतेयस."

"नाही गं."

"बघतेयस. तीन वर्षं बघतेयस, मा. मी घास उचलला की तू श्वास घ्यायची थांबतेस. मला ऐकू येतं ते."

जोझेटला राग आला होता, नक्की कोणाचा ते तिला कळेना. बघितलं नसतं तर ही पोरगी आज इथे बसली असती का?

"मला तुझं ते वाचून राग नाही आला," टेसा म्हणाली. "बरं वाटलं. म्हटलं, आता तरी ती दुसऱ्या कशाकडे बघेल."

पंखा फिरत होता. नान्नाने बदामाची वाटी पुन्हा जवळ ओढली, पण खाल्ला एकही नाही.

"जा तिकडे," टेसा म्हणाली. "काढ फोटो. माझा नको, माशाचा."

जोझेट टेबलाला वळसा घालून फोनमागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर मासा होता, शेपटी कापलेला. शेजारी बशी आणि टेसाचं मनगट. टेसाचं तोंड चौकटीबाहेर होतं. पापण्या जरा वर केल्या असत्या तरी सगळं दिसलं असतं, आणि तिला ते बघायचं होतं, दुसरं काहीच बघायचं नव्हतं.

काटा चौकटीतून वर गेला.

"लेपावर उजेड फार चमकतोय," काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली. "नान्ना, तेवढा पडदा ओढा."

"ओढते," नान्ना म्हणाली आणि लगेच उठली.

काटा परत खाली येऊ लागला. तो भरलेला होता की रिकामा, हे दिसायच्या आत जोझेटने चौकट माशाच्या डोक्याकडे सरकवली आणि फोटो काढला.