कैलासचा बिबट्या

इंदुरीच्या कैलासला बातमीचा फार नाद. मोबाइल, काठी आणि 'मावळ दणका' नावाचं चॅनेल एवढ्या भांडवलावर तो सगळ्या तालुक्याला कामाला लावी. आणि खोटं कशाला बोला, त्याचा उपयोगही व्हायचा. कामशेतच्या वळणावरचा खड्डा कोणालाच दिसत नव्हता. कैलासने त्यात उतरून गुडघाभर पाण्यातून लाइव्ह केलं आणि आठवड्यात खड्डा बुजला. तेव्हापासून लोक त्याला पत्रकार म्हणू लागले. तिथंच घात झाला.

थंडीच्या दिवसांत एकदा तिन्हीसांजेला तो लोणावळ्याहून परतत होता. रस्त्यावरून सहज आपल्या रानाकडं नजर गेली, तर हरभऱ्यात ठिपक्याठिपक्यांचं जनावर बसलेलं. जवळ जायची हिंमत कोणाची? त्याने गाडीवरूनच झूम केलं आणि लाइव्हवर सांगून टाकलं, "बिबट्या आमच्याच शिवारात. नर हाय, नुकताच जेवलेला दिसतोय."

घरी पोचेपर्यंत बातमी लोणावळा ओलांडून खंडाळ्याला गेली होती. फोन खाली ठेवायची सोय नव्हती. एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने तो अंथरूण चाचपू लागला.

"आये, माझं ब्लँकेट कुटंय?"

"तेच सांगती," लीलाबाई म्हणाली. "दुपारी माकडांनी हरभरा लय ओरबाडला. म्हणून मी तुजं ब्लँकेट..."

"थांब आये, बातमी चालू हाय."

लीलाबाई थांबली. कैलास रात्रभर तिची शाल पांघरून कुडकुडत लाइक बघत राहिला.

सकाळी बिबट्या बघायला माणसं लोटली. कोणी मुलाबाळांसकट आलं, कोणी वडापाव बांधून आणले. वनखात्याचा माणूस दबकत दबकत बांधावर गेला, बिबट्याचा कान धरला आणि पोत्यावर टाकलेलं ब्लँकेट उचलून सगळ्यांना दाखवलं. मागे शेपटीसाठी दोरखंडसुद्धा बांधला होता. ज्याच्याखाली कैलास दहावीपासून झोपत आला होता, ते ठिपक्यांचं ब्लँकेट त्याला झूम करूनही ओळखता आलं नव्हतं.

लोक हसले, बिबट्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढत बसले आणि जाताना सगळा वाफा तुडवून गेले. झाडावर बसलेल्या माकडांनी हे नीट पाहिलं. दुपारी तीही बिबट्याशेजारी बसून घाटे सोलू लागली.

लीलाबाईने कपाळाला हात लावला. हा हरभरा ती पोरासारखा जपत आली होती, आता वरच्या अंगाचा एक तुकडाच काय तो शिल्लक होता. कैलासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने लगेच खुलाशाचा व्हिडिओ टाकला: तो बिबट्या नव्हता, माझं ब्लँकेट होतं, चूक माझी. खाली लोकांनी लिहिलं, 'दबाव आला का भाऊ?' आणि 'बिबट्या कुठं लपवला ते सांग.' बाकी कोणी तो पाहिलाच नाही.

"मोबाइलमदी माफी मागून हरभरा उगवंल व्हय?" लीलाबाई म्हणाली. "उरलेला राख जा. माकडं आता ब्लँकेटला भीत न्हाईत, आत माणूस पायजे."

म्हणून दुसऱ्या पहाटे कैलास ब्लँकेट डोक्यावरून घेऊन हरभऱ्यात उकिडवा बसला. धुकं दाट होतं, माकडं अजून यायची होती. वेळ जाईना म्हणून त्याने फोन काढला. तळेगावच्या चॅनेलवाल्या सार्थकने नुकताच लाइव्ह व्हिडिओ सुरू केला होता: 'ब्रेकिंग. इंदुरीचा बिबट्या परतला.' कैलासचं काळीज सुपाएवढं झालं. म्हणजे आपण खोटे नव्हतो. त्याने डोळे मिटून तो सगळ्या ग्रुपवर पाठवला, वर लिहिलं, 'मी म्हणलो नव्हतो?'

मग निवांत उघडून पाहिला. धुक्यात ठिपक्यांचं जनावर बसलं होतं. त्याच्या पोटाशी मोबाइलचा उजेड होता आणि खाली निळी स्लीपर दिसत होती.

कैलासने आपल्या पायांकडं पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं. सार्थक दोन्ही हातांनी मोबाइल धरून अजून झूम करत होता.

कैलास हात हलवत उभा राहिला. "अरं, मी हाय. जवळ येऊन बघ की जरा."

सार्थक गाडी टाकून पळाला. पळतानाही त्याचं लाइव्ह चालू होतं.