उणिवांचे पान

मित्रांनो, भिंतीवर चित्रे दाखवण्यात ज्याची हयात गेली, असा मी एक जुना प्रोजेक्टर आहे. सध्या माझा मुक्काम घरे विकणाऱ्या एका कचेरीच्या अडगळीच्या कपाटात, झाडू आणि फिनेलची बाटली यांच्या मधोमध आहे. कपाट उघडले जाते ते झाडूसाठी.

कारखान्यात माझे भिंग बसवल्यावर मला एका तपासनीस बाईंसमोर ठेवले गेले. त्यांनी माझ्याकडून समोरच्या फळ्यावर चौकटींची जाळी उमटवून घेतली आणि पट्टी लावून एकेक रेघ तपासली. एका कोपऱ्यात रेघ केसभर वाकली होती. बाईंनी कारागिराकरवी मला पुन्हा उघडवून घेतले. "रेघ सरळ असेल तर सरळच दिसली पाहिजे," एवढेच त्या म्हणाल्या. माझे सारे शिक्षण तेवढेच झाले.

कचेरीत मला बैठकीच्या खोलीत जागा मिळाली. लांब टेबल, आठ खुर्च्या आणि समोर पांढरी भिंत. मला हाताळत ते टेपकाका. त्यांच्या कमरेला सदैव पोलादी टेप लटकलेली असे, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारीत. विक्रीला आलेले प्रत्येक घर ते स्वतः मोजत, नकाशा काढत, फोटो घेत आणि त्यांची पाने लावून ग्राहकांना माझ्याकरवी दाखवत. शेवटचे पान ठरलेले असे. त्याला ते 'उणिवांचे पान' म्हणत. भेग, ओल, वाकलेली चौकट, जे असेल ते, आणि शेजारी मापाची पट्टी ठेवून काढलेला फोटो. ते पान आले की काका घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट गप्प बसत. "बघा निवांत. मग विचारा."

काही ग्राहक उठून जात. जे राहत ते पुढे आपल्या भावंडांना, मेहुण्यांना घेऊन येत. कचेरीचे नाव अशाने झाले होते. काम संपल्यावर माझा पंखा आपोआप थांबेपर्यंत काका वायरला हात लावत नसत. "तापलेला दिवा एकदम बंद केला तर जातो," असे ते प्रत्येक नवख्याला बजावत.

मग एके दिवशी साहेब म्हणाले, "काका, आता कोण इथं येऊन भिंतीकडे बघत बसतंय? लोकांना घर फोनवर बघायचंय. इंटरनेटवर स्लाइड बनवायची तीन साधनं आहेत. तुम्ही तुलना करा. तुम्ही म्हणाल ते घेऊ."

काकांनी आलेख-कागदावर तक्ता आखला. नमुन्यासाठी एकच घर घेतले. त्या घराच्या मागच्या खोलीची भिंत गुडघ्यापर्यंत ओली होती. तेच फोटो, तोच नकाशा आणि तेच उणिवांचे पान तिन्ही साधनांत घालून त्यांनी माझ्यावर चालवून पाहिले.

पहिल्याला कचेरीने नाव ठेवले 'नटवं'. ते दिसायला देखणे होते, पण आपल्या चौकटीत बसावे म्हणून फोटो चारही बाजूंनी छाटत असे. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली त्याने चौरस करून टाकली. काका संतापले. "हे साधन आहे की शिंपी?" दुसरे 'कासव'. ते इमानी होते, इंटरनेट गेले तरी चालत होते, पण पान उलटायला इतका वेळ घेई की घरे विकणाऱ्या साखरताई टेबलावर डोके ठेवून म्हणाल्या, "काका, तोवर मी घर बांधून देते की!"

तिसरे 'पहारेकरी'. त्याने एकही रेघ वाकवली नाही. शिवाय कोणत्या ग्राहकाने कोणते पान किती सेकंद पाहिले, याची ते नोंद ठेवत असे. काकांचे डोळे चमकले. आयुष्यभर मोजमापावर विश्वास ठेवलेला माणूस तो! "लोक काय बघतात ते कळलं, तर तेच अधिक नीट दाखवता येईल," असे म्हणून त्यांनी त्या रकान्यात दहापैकी दहा गुण दिले. पहारेकरी पहिला आला. मित्रांनो, काकांच्या हातून घडलेली चूक ती हीच.

पंधरा दिवसांनी नोंदी माझ्यावरच दाखवल्या गेल्या. दिवाणखाना नऊ सेकंद, स्वयंपाकघर चौदा, उणिवांचे पान एक्कावन्न.

"बघा साहेब!" काका उत्साहाने म्हणाले. "सगळ्यात जास्त वेळ इथंच थांबतात."

"थांबतात आणि मग फोन करत नाहीत, काका. चौदा जणांपैकी एकानंही केला नाही. हे पान माणसं पळवतंय. काढून टाका."

"पण साहेब, ओल आहे तिथं."

"विचारलं तर सांगू की. लपवतोय कुठं? न विचारता कशाला सांगायचं?"

काकांनी तक्त्याकडे पाहिले. साधन त्यांनीच निवडले होते, आकडे खरे होते, आणि आकड्यांशी भांडायला ते कधी शिकलेच नव्हते. त्यांनी पान काढले. त्यानंतर सगळी घरे फोनवरच दाखवली जाऊ लागली आणि माझी रवानगी त्याच खोलीतल्या फळीवर झाली.

तिथूनच मी एका परिचारिका बाईंना पाहिले. तेच ओल्या भिंतीचे घर घेण्यासाठी त्या सही करायला आल्या होत्या. फोनवरची पाने त्यांनी पाहिली होती, घरही पाहिले होते. पण तोवर मूळ मालकाने ओल्या भिंतीला नवा रंग देऊन समोर कपाट उभे केले होते. पेन हातात घेऊन बाईंनी विचारले, "मागच्या खोलीत आई झोपेल. तिला दम्याचा त्रास आहे. खोली कशी आहे हो ती?"

साखरताई लगेच म्हणाल्या, "खिडकी केवढी मोठी आहे, ताई!"

बाईंनी काकांकडे पाहिले. "तुम्ही मोजलंय ना घर? तुम्ही सांगा."

साहेबही काकांकडे पाहत होते. काकांचे ओठ हलले. मी फळीवरून वाट पाहत होतो. ते म्हणाले, "बारा बाय दहा आहे."

ते खरे होते. बाईंनी सही केली.

चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यातला गिलाव्याचा ओला, काळपट तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "आई तीनदा ॲडमिट झाली. मला एवढंच सांगा, तुम्हाला माहीत होतं?"

साहेब म्हणाले, "ताई, सगळी माहिती तुम्हाला फोनवर पाठवली होती."

काका उठले. त्यांनी मला फळीवरून उतरवले, बाहीने माझे भिंग पुसले आणि जुनी पाने लावली. "काका, काय चाललंय हे?" साहेब दारातून ओरडले. भिंतीवर ती भिंत उमटली. गुडघ्यापर्यंत ओल, शेजारी मापाची पट्टी, खाली काकांच्या सुबक अक्षरात तारीख. काकांनी घड्याळ पाहिले आणि पूर्ण एक मिनिट ते गप्प उभे राहिले.

"म्हणजे हे होतं तुमच्याकडे," बाई म्हणाल्या.

"होतं."

"मी विचारलं होतं, काका."

"हो."

बाईंनी गिलाव्याचा तुकडा पुन्हा पिशवीत घातला आणि त्या गेल्या. काकांनी कमरेची टेप काढून टेबलावर ठेवली. मग हात लांबवून त्यांनी माझी वायर भिंतीतून उपसली. पंखा अजून फिरत होता. इतक्या वर्षांत त्यांनी असे कधीच केले नव्हते. माझ्या पोटात टक्क असा आवाज झाला. तो माझा दिवा.

काका पुन्हा कचेरीत आले नाहीत. माझा दिवा कोणी बदलला नाही. पहारेकरी अजून नोकरीत आहे आणि सेकंद मोजतो आहे.

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, त्याला निवू द्या, हे तुम्हाला कोणीही शिकवील. मला त्यापुढचे सांगायचे आहे. उद्या तुमच्याही हाती चार लोकांना काही दाखवण्याचे काम येईल. तेव्हा ज्या पानाशी माणसे थांबतात ते काढू नका. मी शेवटी दाखवलेल्या चित्रात एकही रेघ वाकडी नव्हती. पण ते पाहणाऱ्या बाईंची सही चार महिन्यांपूर्वीच झाली होती.