सरकारचं कातडं

"सरकार पडलं," असं बाबांनी सकाळी सात वाजता दारात उभं राहून सांगितलं. मी चहाचं आधण ठेवत होते. खरं सांगते, मी म्हटलं, "पडू दे, दुसरं आलं तरी आपल्याला काय मिळणार आहे!" मग त्यांचा चेहरा पाहिला, आणि हातातलं भांडं तसंच टाकून मागच्या तबेल्याकडे पळाले.

सरकार म्हणजे आमची घोडी. लाकडाचे ओंडके वाहायला घेतलेली, थोराड, हत्तीच्या पायांची. अदबीने बोलल्याशिवाय पाऊल उचलायची नाही, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. सत्तावीस वर्षं जगली. बाबांनी सहा वर्षांपूर्वी गाडी बंद केली, गाडीची चाकं विकली, पण घोडी विकली नाही. गाडीची लाकडी बैठक तेवढी काढून तबेल्याच्या दाराशी मांडली आणि त्या दिवसापासून तिथे बसून राहिले. समोर ती उभी, इकडे हे बसलेले. दोघंही एकमेकांशी कमी बोलायची, पण त्यांचं बरं चाललं होतं.

ती गेली आणि बाबांचं बसणंच गेलं. तबेला ते फाटक, फाटक ते तबेला. जेवणसुद्धा उभ्याने. मी शिवणयंत्रावर बसलेली असायची आणि खिडकीतून सारखे बाबा जाताना दिसायचे, मग येताना दिसायचे. दोनदा माझी बाही उलटी जोडली गेली. पाय सुजले त्यांचे. डॉक्टर म्हणाले, "ह्या वयात एवढं उभं राहायचं नाही, काहीही करून त्यांना बसवा." बसवा म्हणे! हात धरून बसवलं की मी आत वळेपर्यंत उभे.

पण हे नंतरचं. त्या सकाळी तिच्या मानेवर हात ठेवून ते मला म्हणाले, "पोरी, हिचं कातडं कमावून आण. माझ्या बैठकीवर घालू. मग बसेन मी."

दादाला फोन लावला. दादा लांब राहतो, सल्ले मात्र तिथून वेळेवर पोचतात. "खड्डा खण आणि मोकळी हो," म्हणाला. "बाबांना चार दिवसांत विसर पडेल." मी म्हटलं, "तू ये खणायला." मग तो मीटिंगमध्ये होता.

मेलेली जनावरं उचलणारा माणूस आला. त्याने तासाभरात काम केलं, मी तिकडे पाहिलं नाही. जाताना एवढंच बोलला, "आतल्या बाजूला मीठ चोळा, जाडं मीठ. सावलीत ठेवा. उशीर केलात तर सडेल, मग कुणी हातात धरणार नाही." मी धावत वाण्याकडे गेले आणि वीस किलो मीठ मागितलं. तो मेला माझ्याकडे बघून म्हणतो, "ताई, एवढं कुणाच्या जखमेवर चोळायचंय?" हसावं की रडावं कळेना. रिक्षात गोण्या टाकल्या आणि घरी आले.

ते कातडं! अंगणभर पसरलं होतं. उचलायला गेले तर कंबर धरली. दोन तास गुडघ्यांवर बसून मीठ चोळत होते, आणि बाबा माझ्याभोवती फेऱ्या मारत होते. "कडेला लाव. मानेकडे राहिलं. पोटाकडे पातळ असतं, तिथे जपून." शेवटी मी ओरडलेच, "बाबा, बसा हो एका जागी!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाटकाकडे चालू लागले. मला माझीच लाज वाटली.

मोठ्या कारखान्यात गेले तर तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "किती नग?" एक म्हटल्यावर त्याने मान वर केली. एका नगासाठी ते हौद भरत नाहीत, आणि भरलाच तर त्याने सांगितलेल्या आकड्यात मी नवीन शिवणयंत्र घेतलं असतं. मी म्हटलं, "माझी घोडी जिवंत करून देणार आहात का?" आणि बाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी नाल्याकाठी एक जुना, छोटा कारखाना सापडला. चुन्याचे हौद, सालीच्या काढ्याचे हौद, आणि असा वास की डोळ्यांतून पाणी. मालक म्हातारे, कोपरापर्यंत तपकिरी हात. मी त्यांना कातडीवाले काका म्हणायला लागले. त्यांनी कातडं उलगडलं, आतून बाहेरून पाहिलं, म्हणाले, "मीठ चांगलं लावलंय." त्या तीन दिवसांत मला कुणी पहिल्यांदा बरं म्हटलं होतं.

मग भावाची घासाघीस. आता ह्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही. काका म्हणाले, केस ठेवून कमवायचं तर वेगळा हौद, दुप्पट खर्च. मी म्हटलं, काढा केस. काका म्हणाले, एकट्याचं महाग पडेल, पण एका व्यापाऱ्याची चार घोड्यांची कातडी आलीत, त्यांच्याबरोबर टाकलं तर निम्म्यात होईल. मी म्हटलं, टाका. शिवाय वर आणखी थोडं कमी करून घेतलं. काका हसले. मग त्यांनी एक लोखंडी टोच्या आणि हातोडी काढली.

"हे कशाला?"

"खूण करायला. शेपटीपाशी तीन भोकं. व्यापाऱ्याची चारही त्याचीच, त्यांना खूण नको. तुमचं एकटं आहे."

माझ्या अंगावर काटा आला. मी शिंपीण आहे हो! भोक पडलं की माल गेला, हे मी पंधरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलेय. आणि हे तर सरकारचं अंग. "एकही भोक पाडायचं नाही," मी म्हटलं.

"बाई, शाई चुन्यात टिकत नाही, चिठ्ठी काढ्यात टिकत नाही. भोकच टिकतं."

"मी दोरा घालते." पर्समधून सुई आणि लाल दोरा काढला आणि कडेला जाड टाक्यांची ओळ घातली.

"कडा छाटतो आम्ही."

"मग जपून छाटा."

"आणि गेला तर?"

"तर मी ओळखीन," मी म्हटलं. "दहा वर्षांची होते तेव्हापासून बघतेय तिला. चॉकलेटी अंग, कपाळावर पांढरा पट्टा. हजारांत ओळखीन."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होते, पण तोवर माझ्या तोंडाला ते कंटाळले असावेत. हातोडी ठेवून दिली. मी घरी येताना खुशीत होते. निम्म्या पैशात काम आणि एक भोक नाही! केस काढायला सांगितलेत तर चॉकलेटी अंग आणि पांढरा पट्टा राहणार कुठे, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

अडीच महिने लागले. अडीच महिने बाबा चालत होते. रोज विचारायचे, "आलं का?" मी म्हणायची, "बाबा, भाकरी भाजायची आहे का? वेळ लागतो." सूज पोटऱ्यांपर्यंत चढली. मला झोप लागेना. कापड बेतताना कात्री हातात धरून उभी राहायची आणि काय कापायचं तेच आठवायचं नाही. एका गिऱ्हाइकाचा ब्लाऊज मी दुसऱ्याच्या मापाने शिवला आणि वर तिच्याशीच भांडले.

शेवटी निरोप आला. गेले. बांबूवर पाच कातडी टांगलेली, पाचही सारखीच तपकिरी, सारखीच मोठी, केस नसलेली. मी आपली पहिल्यापासून पाचव्यापर्यंत गेले आणि परत आले.

"दोरा?" मी विचारलं.

"छाटण्यात गेला. जपूनच छाटलं होतं," काका म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्त लागला. "तुम्ही ओळखणार होतात. बघा आता. व्यापाऱ्याचा टेम्पो उद्या दहाला येतो."

सरळ सांगायला हवं होतं की मला ओळखता येत नाही. पण जीभ रेटेना. मी एकेक हाताळत गेले, कापडाच्या दुकानात ताग्यावर हात फिरवते तसा. चौथं मऊसूत होतं, एक डाग नाही, एक सुरकुती नाही. आमची घोडी चांगलीच असणार, असं मनाशी म्हटलं. "हेच," मी म्हटलं. काकांनी गुंडाळून दिलं.

घरी बैठकीवर घातलं. बाबा फाटकापासून आले, ह्या वेळी भरभर. आधी वाकून वास घेतला. मग दोन्ही हात ठेवले आणि मानेकडून खाली फिरवत आणले. डावा हात खांद्याच्या जागी आला आणि थांबला. पुढे गेला, परत तिथेच आला. बोटं काहीतरी चाचपत होती. मग उजव्या खांद्यावर पाहिलं. मग पुन्हा डाव्या.

"झालं ना छान?" मी विचारलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"छान झालंय," बाबा म्हणाले. "पुष्कळ धावपळ केलीस तू." आणि बसले. माझ्यासाठी बसले. बैठकीच्या कडेवर, परक्याच्या घरी बसावं तसे, हात गुडघ्यांवर. पाच मिनिटांनी उठले आणि फाटकाकडे गेले.

मी शिवायला बसले. यंत्र सुरू केलं, सुई खालीवर होऊ लागली, आणि एकदम आठवलं.

मी दहा वर्षांची. फाटकाची कडी लावायला विसरले होते. सरकार तेव्हा चार वर्षांची, अवखळ. बाहेर पळाली आणि काटेरी तारेत घुसली. डावा खांदा वीतभर फाटला. जनावरांचा डॉक्टर गावाला गेलेला. बाबांनी दाभण उकळत्या पाण्यातून काढलं आणि भर दुपारी अंगणात तिला शिवलं. मी तिचा कान धरून रडत होते. मला ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. आठ टाके घातले. मग त्यांचे हात एवढे थरथरायला लागले की दाभण धरता येईना. माझ्याकडे दिलं. "शेवटचा तू घाल. तिला कळू दे, तू तिला टाकून पळाली नाहीस." मी घातला. वाकडा. नंतर त्यावर केस आले, आणि मी ते सगळं विसरूनही गेले.

मी शिंपीण झाले ती त्या टाक्यापासून, आणि तोच टाका विसरले! रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. आठला निघाले. रिक्षावाल्याला इतकी घाई केली की तो म्हणाला, "ताई, उतरून ढकलता का?" नाल्याच्या पुलावर ट्रॅक्टर अडकला होता. ते चौथं कातडं खांद्यावर टाकलं आणि पळत सुटले. एवढं धूड खांद्यावर घेऊन पळणारी बाई पाहून लोक बाजूला होत होते.

टेम्पो आलेला. दोन कातडी चढवलीसुद्धा. "थांबा!" मी ओरडले. व्यापाऱ्याचा माणूस वैतागला, "आता काय?" काकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

बांबूवरची दोन पाहिली. नाही. टेम्पोत चढले, वरचं उलटलं. नाही. खालचं ओढलं, मानेकडची बाजू शोधली, डोळे मिटले आणि डाव्या खांद्यावर बोट फिरवलं.

वीतभर उंचवटा. त्याच्या दोन्ही बाजूंना भोकांच्या खुणा. मी मोजल्या. आठ जोड्या एका ओळीत, आणि नववी भलतीकडे गेलेली.

मी तिथेच टेम्पोत बसून रडले. अगदी भोकाड पसरून. व्यापाऱ्याचा माणूस घाबरून काकांना म्हणाला, "घेऊन जा म्हणावं, घेऊन जा, मला चार मिळाल्याशी काम." काका वर आले, त्यांनी चष्मा सारून त्या खुणा पाहिल्या. "हे दिसायला कमी प्रतीचं," म्हणाले. "खांद्याला डाग आहे." मग माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच गुंडाळून माझ्या हातात दिलं.

घरी आले तेव्हा बाबा फाटकापाशीच होते. मी सरळ जाऊन बैठकीवर घातलं. ते मागून आले. ह्या वेळी वास घेतला नाही. डावा हात सरळ खांद्याच्या जागी गेला, आणि अंगठा एकेका टाक्यावरून खाली यायला लागला. ओठ हलत होते. शेवटच्याशी अंगठा थांबला.

"हा तुझा," बाबा म्हणाले.

"वाकडा आहे," मी म्हटलं.

"तेव्हापासून सांगतोय, दोरा ओढू नकोस."

मग ते बसले. पाठ टेकून बसले, पाय लांब केले. मी आत जाऊन चहा ठेवला आणि खिडकीतून पाहत राहिले. बराच वेळ कुणी गेलं नाही आणि कुणी आलं नाही.