मोकळं न केलेलं नाव

शर्वरीने तिसऱ्यांदा ‘सेव्ह’ दाबलं आणि तीच तांबडी ओळ पुन्हा आली: या नावाचा टेम्प्लेट आधीच आहे. तिने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. त्या नावाचा एकही टेम्प्लेट यादीत नव्हता.

दुसरं नाव देऊन चालणार नव्हतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कुठल्या क्रमाने बसवायची हे टेम्प्लेटमध्ये लिहिलेलं असतं, आणि एका पॅथॉलॉजी लॅबच्या चाळीस केंद्रांवरचे संगणक तो नावानेच शोधतात. ऑगस्टमध्ये त्यातल्या दोन-तीन पायऱ्या गळाल्या आणि बजबज गावच्या केंद्रावर दिवसभर रिपोर्ट निघाले नाहीत. टेम्प्लेट ज्येष्ठ सहकारी विनीताताईंच्या ताब्यातला. त्यांनी चूक आपली म्हणून मान्य केली, तो काढून टाकला आणि नावापुढे ‘दोन’ लावून तात्पुरता दुसरा उभा केला, केंद्रांच्या संगणकांना तेवढ्यापुरतं ते नाव शोधायला लावलं. तेव्हापासून त्यांच्याकडे फक्त मॅन्युअल लिहिण्याचं काम होतं. आता लॅबला जुनं नाव परत हवं होतं.

“झालं का?” पलीकडच्या टेबलावरून शौमिकदाने हिंदीत विचारलं. एस्प्लनेडच्या त्या लहान ऑफिसचा तो बंगाली प्रमुख. “चारपर्यंत संपव. मला विनीतादींचा कागदही आज पाठवायचाय.”

कागद म्हणजे नागपूर शाखेसाठीची शिफारस. विनीताताईंचे यजमान रेल्वेत. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून त्यांची नागपूरला बदली झाली होती. नोकरीच्या नोंदीतला ऑगस्टच्या चुकीचा शेरा पाहून तिथले लोक विनीताताईंना घेतील असं कुणालाच वाटत नव्हतं. नाही घेतलं, तर बारा वर्षांची नोकरी सोडायची.

काढून टाकलेले टेम्प्लेट एका वेगळ्या कप्प्यात पडून राहतात आणि नाव अडवून ठेवतात, हे शर्वरीला आठवलं. तिने कप्पा उघडला. जुना टेम्प्लेट तिथेच होता. ‘कायमचा काढा’ म्हटलं की नाव मोकळं होणार होतं. सवयीने तिने आधी बदलांची नोंद पाहिली.

शेवटची ओळ विनीताताईंची: काढून टाकला. तिच्या आधीची, आदल्या दिवशीची: फाइलमधून आणला, जुन्यावर लिहिला. करणारी, शर्वरी.

नोकरीचा तिसरा आठवडा होता तो. सरावासाठी तिने टेम्प्लेटची प्रत घेतली होती, नाव तेच ठेवून दोन-तीन पायऱ्या काढल्या होत्या. प्रत परत चढवताना सिस्टिमने विचारलं होतं, याच नावाचा आहे, बदलायचा? आपल्या कालच्या प्रतीबद्दल विचारतंय असं समजून तिने ‘हो’ म्हटलं होतं.

“तोंड का उतरलंय गं? शौमिक ओरडला की काय?” विनीताताई चहाचे दोन भांड, म्हणजे मातीचे कप, घेऊन आल्या. मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. “अच्छा. दिसलं तुला.”

“ताई, तुम्हाला माहीत होतं?”

“मीच काढला ना तो. न बघता काढेन होय?”

“मग बोलला का नाहीत?”

“तू प्रोबेशनवर होतीस. तुला घरीच पाठवलं असतं.” त्यांनी एक भांड तिच्यापुढे ठेवलं. “आणि सरावाची जागा वेगळी असते, हे तुला सांगायचं माझंच राहिलं होतं.”

“पण नागपूर...”

“नागपूरला उन्हाळा फार असतो. मी आपली घरात बसेन कूलरसमोर.” त्या हसल्या, पण बसल्या नाहीत. “काढ तो आता. नाव मोकळं होईल, तुझं काम होईल.”

कर्सर ‘कायमचा काढा’वरच होता. त्या बटणाने टेम्प्लेटबरोबर त्याची सगळी नोंदही जाणार होती. शर्वरीने माउसवरचा हात उचलला, ओढणीला पुसला आणि पुन्हा ठेवला. मग तिने शेजारचं बटण दाबलं: परत आणा.

टेम्प्लेट यादीत आला, नोंदीसकट. गळालेल्या पायऱ्या तिने एकेक करून भरल्या, दोनदा तपासल्या आणि सेव्ह केलं. या वेळी तांबडी ओळ आली नाही.

“शौमिकदा,” ती उभी राहत म्हणाली, “झालंय. कागद पाठवण्याआधी इथली नोंद बघता का? ऑगस्टपासूनची.”

“शर्वरी,” विनीताताई हळूच म्हणाल्या.

शर्वरीने आपली खुर्ची शौमिकदासाठी मागे ओढली आणि बाजूला उभी राहिली.