शर्यतीआधी तुइस्कुची आंघोळ

पैज लावली माझ्या लेकीनं, औतीनं. आणि माझ्या नाकावर राग कायमचाच, म्हणून मी ती तिथल्या तिथं घेतली. लास्किआइनेन या बर्फावर घसरण्याच्या सणाला आमच्या गोठलेल्या तळ्यावर पाळीव कुत्र्यांची शर्यत असते. तळ्याला एक फेरी, वाटेत कुणाचीही मदत घ्यायची नाही. ती फेरी मी माझ्या कुत्र्याबरोबर, तुइस्कुबरोबर पुरी केली तर तुइस्कु माझा. नाहीतर तो औतीबरोबर ताम्पेरे शहरात, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

“आई, मागच्या हिवाळ्यात त्यानं ओढलं म्हणून तू पडलीस. खुबा मोडला. तासभर बर्फात पडून होतीस!”

“तास नाही, पाऊण तास. आणि त्यानं ओढलं नाही, मी घसरले. तो भुंकत राहिला म्हणून तर शेजारचा ताउनो धावत आला.”

“आणि पुढच्या वेळी ताउनो घरी नसला तर?”

असं कोंडीत पकडलं की मी पैज घेते.

तुइस्कु पाच वर्षांचा आहे. रेनडिअर हाकणाऱ्या जातीचा, काळाभोर, केसाळ, आणि महा आगाऊ. माझा नवरा गेल्यापासून घरात मी कुणाशी भांडत असेन तर त्याच्याशीच. तो नसेल तर मी सकाळी कशासाठी उठायचं, हे मी औतीला सांगितलं नाही. तिनं त्याचंही औषध शोधलं असतं.

तर शर्यतीच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, सगळ्या गावानं बघत राहावं असा तुइस्कु न्यायचा. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीच्या, न्हाणीत त्याला उभा केला आणि साबणानं दोनदा खसखसून धुतला. मग कंगवा. आतली लोकर निघतच राहिली, बादली भरली. शेवटी केस वाळवायचं यंत्र लावलं, तेव्हा तो फुगून दुप्पट झाला. पायाच्या बोटांमधून केसांचे झुपके असे झकास बाहेर आले होते की कात्री लावायचा धीरच झाला नाही.

ताउनो दारात आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

“अगं राइली, शर्यतीच्या तोंडावर कुत्र्याला साबण लावतं का कुणी? अंगचं तेल गेलं की बर्फ चिकटतो. बोटांतले केस तरी काप. उद्या हवा उबदार आहे, बर्फ ओला असणार.”

“तुझ्या त्या कुत्र्याचा, रेपोचा वास तळ्यापलीकडून येतो, म्हणून जळतोस तू.”

“येतो. पण तो धावतो,” ताउनो म्हणाला आणि हसत निघून गेला.

रविवारी खरंच ओला, भुसभुशीत बर्फ पडला होता. पण तळ्यावर काय मजा! कुत्री उलथीपालथी होऊन लोळत होती, बर्फात तोंड खुपसून शिंका देत होती, एकमेकांच्या शेपट्या पकडत होती. तुइस्कु तर वेडाच झाला. तीन चकरा मारून त्यानं ताउनोच्या तांबड्या रेपोला बर्फात पालथा पाडला. मलाही चेव आला. अडुसष्टाव्या वर्षी मी आरोळी ठोकली, “लांब लांब जवस!” या सणाला असंच ओरडतात. जितकं लांब घसराल तितकं शेतातलं जवस उंच वाढतं म्हणे.

मी माझ्या पोटकुरीवर चढले. म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची. मागं उभं राहायचं, एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं रेटायचं. तुइस्कुचा पट्टा पुढं बांधला. शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो! वारा डोळ्यांत, पट्ट्यांची सरसर, पुढं त्याची शेपूट नाचतेय. चौदा जणांत आम्ही तिसरे! खुबा दुखत नव्हता. दुखत असेलही, मला कळलं नाही. काठावर औती दोन्ही हात वर करून ओरडत होती. पैज तिच्याविरुद्ध चालली होती, तरी.

पलीकडच्या वळणावर तुइस्कु लंगडला. मग थांबला. मग चक्क बसला आणि पाय चावायला लागला. बघते तर काय, बोटांमधल्या त्या झकास झुपक्यांना बर्फाचे गोळे, बटाट्याएवढे! चारही पायांना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळे भराभर पुढं गेले.

ताउनोनं वेग कमी केला. “थांब, आलो मी!”

“हात लावशील तर याद राख!”

तो बिचारा पुढं गेला. आता गुडघे टेकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि खुबा मोडल्यापासून मी जमिनीवर बसलेच नव्हते. बसले. हातमोजे काढले, एकेक पाय मुठीत धरला, तोंडाची वाफ दिली, गोळे दाबून फोडले. बोटं बधिर झाली. तुइस्कु माझा कान चाटत होता. त्याला काय माहीत त्याचं काय पणाला लागलंय!

पाय मोकळे झाले. आता उठायचं होतं. पोटकुरीला धरलं तर ती घसरून पुढं गेली. एकदा उठले, बसले. दुसऱ्यांदा उठले, बसले. मला भीती वाटली, खरी भीती. काठावरून औती बर्फावर धावत आली आणि अर्ध्यात थबकली. मदत केली असती तर पैज तीच जिंकली असती. पण ती तोंडावर हात ठेवून तिथंच उभी राहिली.

“तुइस्कु, हलू नकोस,” मी म्हटलं. आयुष्यात कधी माझं न ऐकलेला तो कुत्रा पाय रोवून उभा राहिला. मी माझा चांगला पाय खाली घेतला, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर टाकले, आणि दात खाऊन उठले. उभी राहिले!

आम्ही शेवटचे आलो. तोवर सगळे वाटाण्याच्या सुपाच्या पातेल्याभोवती जमले होते, तरी ताउनोनं पळी वाजवून जल्लोष केला.

औती नाक पुसत समोर आली. “आई, गाडीत त्याच्यासाठी नवी गादी आहे. शुक्रवारीच घेतली.”

“म्हणजे मी हरणार हे धरूनच आलीस तू?” मी भांडायला सज्ज झाले.

“हो,” ती म्हणाली. मग खाली बसून तिनं तुइस्कुचा एक पाय हातात घेतला आणि उरलेला बर्फ काढू लागली. “कुठं ठेवू ती? चुलीपाशी, की तुझ्या पलंगापाशी?”

“पलंगापाशी,” मी म्हटलं. मग मात्र मला रडू आवरेना.