साहेबांचा राखीव हात

आमच्या प्रयोगशाळेत महागडी यंत्रं खूप आहेत, पण शेवटचा निकाल लागतो तो साहेबांच्या केसाळ हातावर. जखमेवर लावायची औषधी पट्टी आम्ही तयार करतो. तिच्यातलं चांदीचं औषध हळूहळू पाझरून जंतू मारतं. तेवढं जमलं होतं. घोडं अडलं होतं ते पट्टी काढण्यापाशी. मी ओढली की साहेब बोंबलत, आणि आम्ही मुकाट्याने पुन्हा चिकट थर ढवळायला लागत असू.

माझा सगळा जीव बाबांच्या पोटरीत अडकला होता. भाजल्याची जखम जरा भरत आली की ड्रेसिंगसोबत कोवळी कातडी निघून यायची. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! आमची पट्टी पास झाली, तर इस्पितळातल्या चाचणीत बाबांना घेणार होते.

त्या सकाळी मी पट्टी ओढली, आणि साहेब गप्प! मी टेबलावर चढायचीच बाकी होते. माझ्यासोबत काम करणाऱ्या मैत्रिणीने साहेबांनाच धरून गरागरा फिरवलं. फिरवता फिरवता ती थबकली.

"साहेब, इथले केस कुठे गेले?"

हात तुळतुळीत! आधीच्या नापास पट्ट्यांनी सगळे उपटून नेले होते. एवढे शिकलेले आम्ही, टकलावर कंगव्याची परीक्षा घेत होतो. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"साहेब, डावा हात द्या."

"तो नाही हं! तो मी राखून ठेवलाय."

"बाबा वाट बघतायत, साहेब."

साहेबांनी डावी बाही वर केली आणि मी तिथे तशीच नवी पट्टी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी ते डोळे घट्ट मिटून, दात आवळून बसले. मी पट्टी सोलली.

"ओढ ना बाई एकदाची! किती अंत बघशील?"

पट्टी माझ्या हातात होती. तिच्यावर औषधालाही केस नव्हता. आम्ही पोट धरधरून हसलो.

मग इस्पितळातली चाचणी सुरू झाली. पट्टी बदलायच्या दिवशी बाबांनी उशीत तोंड खुपसलं आणि माझी बोटं आवळली. नर्सने पट्टी उचलली. खालची गुलाबी कातडी जागच्या जागी होती.

"अगं, सांग ना तिला, काढ म्हणावं," बाबा उशीतूनच कण्हले.

नर्सने ट्रेमधली पट्टी त्यांच्यासमोर धरली. बाबांनी एक डोळा उघडला.

"ही कुणाची?"